ठिपक्यावरून गेलेला दोरा

मी शिवणाचा लाल दोरा. कुठल्या गिरणीत जन्मलो ते आठवत नाही, पण रिळावर गुंडाळून नगरच्या बाजारात आलो आणि तिथून दयाबाईंच्या पेटीत. दयाबाई जामखेडकडे मिशनच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या. पोलक्यांना काजं करायची, रुमालावर फुलं भरायची, एवढंच माझं काम.

बहात्तर साली पावसानं तोंड फिरवलं. पुढच्या उन्हाळ्यात शिक्षकांना दुष्काळाच्या कामावर घेतलं आणि दयाबाई शिवणाची पेटी घेऊन तहसील कचेरीत येऊन बसल्या. तहसीलदार साहेबांच्या मागच्या भिंतीवर तालुक्याचा भला मोठा नकाशा होता.

"पाण्याचा टँकर कुठं कुठं जातो ते मला एका नजरेत दिसलं पाहिजे," साहेब म्हणाले.

टँकर जिथं थांबतो त्या गावाच्या ठिपक्यावर दयाबाईंनी टाचणी टोचली आणि टाचणीपासून टाचणीपर्यंत मला ताणलं. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा! आता कसं लगेच कळतं!" मला कोण अभिमान वाटायचा.

दोन मोठ्या गावांच्या मध्ये बाभूळवस्तीचा बारीक ठिपका होता. त्यावर टाचणी नव्हती. टँकर खालच्या सडकेनं जायचा आणि वस्ती वर माळावर. पण मी सरळ ताणलेला, त्यामुळे नेमका त्या ठिपक्याच्या वरून जात होतो. त्याला मी शिवलोसुद्धा नव्हतो. माणसाचा डोळा मात्र तसं बघत नाही. दोऱ्याच्या वाटेत मणी दिसला, की तो ओवलेलाच आहे असं तो धरून चालतो. साहेबांना टाचण्या दिसतच नव्हत्या, त्यांना दिसत होती माळ.

एका दुपारी बाभूळवस्तीच्या राहीबाई आल्या. पाय धुळीनं पांढरे झालेले.

"साहेब, आमच्याकडं टँकर धाडा की. हिरीत निस्ता चिखुल राह्यलाय. पोरांचे लई हाल हायेत."

साहेबांनी मान वळवून माझ्यावर बोट ठेवलं. "हे काय, तुमच्या वस्तीवरूनच जातोय."

"न्हाई वो. चाकाची खूणसुदीक न्हाई आमच्याकडं."

"मावशी, तो येतो तेव्हा तुम्ही खडी फोडायला गेलेल्या असाल."

दयाबाईंनीही मान वर करून पाहिलं. मला त्यांनीच ताणलं होतं, तरी त्यांनाही मी ठिपक्यातून गेलेलाच दिसलो. 'मी तिथं जात नाही!' असं मला जिवाच्या आकांतानं सांगायचं होतं. पण दोऱ्याला कुठला आवाज! पंख्याच्या वाऱ्यानं मी नुसता थरथरलो.

राहीबाई पुन्हा आल्या. पुन्हा तेच बोट माझ्यावर आलं.

त्यानंतर आल्या तेव्हा त्यांना धरून सहादेव आला होता, त्यांचा शेजारी. तोच बोलला.

"साहेब, हिची सून गेली. चांगुणा. हिरीत उतरली हुती, वाटी वाटीनं पानी भरायला. वरनं दरड आली."

राहीबाईंनी माझ्या शेजारी भिंतीला डोकं टेकलं आणि त्या तशाच खाली सरकू लागल्या. दयाबाई धावल्या. त्यांना सावरताना दयाबाईंचा गाल भिंतीला लागला आणि पहिल्यांदाच त्यांनी मला बाजूनं पाहिलं. कागदाच्या आणि माझ्या मधून उजेड दिसत होता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "इथं टाचणीच नाही."

"असेल हो. नीट बघा."

"मीच टोचल्यात सगळ्या. इथं नाही."

त्यांनी कात्री आणली आणि मला मधोमध कापलं. मला दुखलं नाही. हे आधीच का केलं नाही, एवढंच वाटत राहिलं. बाभूळवस्तीवर टाचणी बसली. दिवस मावळायच्या आत टँकर माळ चढला, असं शिपाई सांगत होता. चांगुणेला माती देऊन झाली होती.

काही दिवसांनी राहीबाई आपणहून आल्या. त्यांना काही मागायचं नव्हतं.

"बाई, ह्यात माझी वस्ती दावा."

दयाबाईंनी त्यांचं बोट धरून ठिपक्यावर ठेवलं.

"आन् हीर?"

"विहिरी नाहीत यात काढलेल्या."

राहीबाईंनी बोट उचललं नाही. "एवढ्याशात आमी समदी ऱ्हातो व्हय?" त्या म्हणाल्या. दयाबाई पदरानं तोंड झाकून बाहेर गेल्या.

पाऊस आल्यावर नकाशा उतरवला, गुंडाळला आणि कपाटावर टाकला. मी त्याच्या आतच आहे. टाचण्या गंजल्यात, माझाही रंग उडालाय. दयाबाई शाळेत परत गेल्या, साहेबांची बदली झाली. मी अंधारात पडून तोच एक ठिपका आठवत असतो आणि काही केल्या सुटका होत नाही.

पुन्हा कधी पाऊस दगा देईल, पुन्हा कुणी भिंतीवर दोरा ताणेल. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ठिपक्यावर राहणारी बाई दारात येऊन उभी राहिली, तर भिंतीकडे मान वळवू नका. आधी तिच्याकडे बघा.