दुसरा फटका

मित्रांनो, माझ्या कमरेला सुतळीने एक पुठ्ठा बांधलेला आहे. त्यावर निळ्या शाईत लिहिले आहे, 'मुद्देमाल. लाकडी अडसर, एक नग.' तो एक नग म्हणजे मी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी अडसर पाहिलाही नसेल. दार आतून लावले, की चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी आकड्यांत जे आडवे लाकूड टाकतात, त्याला अडसर म्हणतात.

मला एका सुताराने स्वतःच्या घरासाठी घडवले. जन्मभर लोकांची दारे करता करता त्याचे आपल्या दाराकडे लक्षच गेले नव्हते. दिव्याखाली अंधार, दुसरे काय! धाकटी मुलगी जन्मली त्या आठवड्यात त्याच्या बायकोने बजावले, "आता तरी दाराला काहीतरी लावा. दोन-दोन पोरी आहेत घरात." मग त्याने एका जिन्याच्या कामातून उरलेला टणक तुकडा घेतला, त्यावर रंधा मारला आणि दोन दिवस मला तेल पाजले. बायकोला मला आतून आकड्यांत टाकायला सांगून त्याने दाराला बाहेरून खांदा लावला. मी हललो नाही. "शाब्बास!" तो म्हणाला. मित्रांनो, तेवढ्या एका शब्दावर मी तीस वर्षे काढली.

सुतार वारला. मुली मोठ्या झाल्या. थोरली दवाखान्यात नर्स झाली. धाकटीचा डावा पाय लहानपणापासून अधू, म्हणून ती घरीच शिवणकाम करू लागली. मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. निम्मे अंग गेले आणि वाचाही गेली. दोन वर्षे तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. थोरली कामावर गेली की धाकटी मला आकड्यांत टाकायची आणि मशीनवर बसायची. आतल्या खोलीत आई छताकडे बघत पडलेली असायची. मशीन थांबले, की घरात फक्त आईच्या श्वासाचा आवाज उरे.

एका दुपारी, तीनच्या सुमारास, कोणीतरी दारावर हात ठेवला.

त्याने कडी वाजवली नाही की हाक मारली नाही. नुसता तळवा टेकवला आणि हळूच रेटा दिला. तो रेटा मला कण्यात कळला. दहा आकडे मोजून व्हावेत इतका वेळ तो हात तिथेच होता. मग तो गेला, पण जाणाऱ्या पावलांचा आवाज काही आला नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि थोडा खाली टेकला. तिसऱ्या दिवशी डावीकडे. डॉक्टरने पेशंटचे पोट चाचपावे, तसे कोणीतरी आमचे दार चाचपत होते.

चौथ्या दिवशी धाकटीने दाराखालच्या फटीत सावली पाहिली. मशीन थांबवून तिने विचारले, "कोण आहे?" उत्तर आले नाही. सावलीही लगेच हलली नाही. आपल्याला पाहिले आहे हे कळूनही ती तशीच उभी राहिली, आणि मग निघून गेली.

संध्याकाळी थोरली म्हणाली, "वारा असेल गं. दिवसभर एकटी असतेस, मनात येतं काहीबाही."

"वाऱ्याला सावली असते का, ताई?"

दोघी पोलीस चौकीत जाऊन आल्या. तिथल्या हवालदाराने विचारले, "काही चोरीला गेलं का?" नाही. "कोणाला पाहिलंत?" नाही. "मग बाई, मी लिहू काय?"

आठव्या दुपारी हात आला नाही. दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून एक पातळ पोलादी पट्टी आत आली. ती माझ्याखाली सरकली आणि झोपलेल्या मुलाला उचलावे तशी तिने मला अलगद वर उचलले. मला ओरडता येत नव्हते, मित्रांनो. मला फक्त पडता येत होते. मी पडलो, दाणकन पडलो. मशीन थांबले.

तोंडाला फडके बांधलेला माणूस आत आला आणि त्याने पाठीमागे दार लोटले. ती पट्टी त्याच्या हातात होती. तिचे टोक घासून अणकुचीदार केलेले होते.

"आवाज करायचा नाही," तो अगदी हळू म्हणाला. "कपाटाची किल्ली दे."

धाकटी भिंतीला टेकली. तिथेच मी घरंगळत आलो होतो. तो आणखी एक पाऊल पुढे आला, तशी तिने मला उचलले आणि फटका मारला. तो मनगटावर बसला. त्याने दात आवळले आणि पट्टी दुसऱ्या हातात घेतली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "कोण आलंय गं?"

तो आईचा आवाज होता. जेवणाला पाहुणा आला की विचारावे, तितक्या सहज तिने विचारले होते.

माणूस गर्रकन त्या खोलीकडे वळला. पट्टी पुढे धरून तो दोन पावले आत चालला. आता धाकटीला फक्त त्याची पाठ दिसत होती. तिने दुसरा फटका मारला. कान आणि खांदा यांच्या मधोमध तो बसला आणि माणूस आतल्या उंबऱ्यावर कोसळला. तिने मला पुन्हा उचलले होते. पण तो हलत नाही असे पाहिल्यावर तिने मला खाली ठेवले.

तोंडावरचे फडके सुटले होते. धाकटीने त्याला ओळखले. सहा वर्षे दर महिन्याला विजेचे मीटर वाचायला येणारा तोच तो माणूस. गेल्या वर्षी त्याची नोकरी सुटली होती. उन्हातून आला म्हणून तिने त्याला कितीदा तरी पाणी दिले होते. ते पाणी पिताना तो माझ्याकडे बघत असायचा, हे मला तेव्हा समजले.

आत आई छताकडे बघत पडली होती. तिचे ओठ मिटलेले होते.

शेजारी धावून आले. त्यांनी त्या माणसाला वारा लागावा म्हणून ओढत बाहेरच्या दाराशी नेले. पोलिसांनी तो तिथे पडलेला पाहिला आणि तसेच लिहून घेतले. तो वाचला, पण त्याचा एक कान कायमचा गेला. शुद्धीवर आल्यावर त्याने जबाब दिला, "मी पळत होतो. तिने मागून मारलं." झाले! चोरीचा खटला त्याच्यावर, आणि जबर दुखापतीचा खटला धाकटीवर.

मी मुद्देमालाच्या खोलीत गेलो. तिथे गंजलेले सुरे होते, एक कुबडी होती आणि लहान मुलाचा एकच बूट होता. ज्याने त्याने काय पाहिले होते ते ज्याच्या त्याच्याजवळ. त्या खोलीत कोणी कोणाशी बोलत नाही.

खटल्याच्या दिवशी मला टेबलावर ठेवले. कोर्टात शिरण्याआधी दारापाशी धाकटीची वकीलबाई तिला दबक्या आवाजात समजावत होती, ते मी ऐकले. "घर राखायचा हक्क कायदा देतो. पण धोका असेल तोवरच. धोका पाठ फिरवून निघाला, की हक्कही संपला. तेव्हा फटका एकच. कानाची जखम पडून झाली असं म्हणू."

"आणि आईचा आवाज?"

"त्याचं नावही काढू नका. वाचा गेलेली बाई बोलली म्हटलं, तर तुमचं बाकीचंही कोणी खरं मानणार नाही."

थोरली म्हणाली, "ऐक बाई त्यांचं. भास झाला तुला. मी रोज पेशंट बघते ना."

न्यायाधीशांनी विचारले, "गुन्हा कबूल आहे?"

वकीलबाई उठायच्या आत धाकटी बोलली, "गुन्हा आहे की नाही ते तुम्ही ठरवा, साहेब. फटके दोन मारले. दुसऱ्याच्या वेळी त्याची पाठ माझ्याकडे होती."

थोरलीने कपाळावर हात मारला. न्यायाधीशांनी विचारले, "पाठ का होती?" धाकटीने मान खाली घातली. "ते सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही."

मग मीटरवाल्याची साक्ष झाली. मी पळत होतो, हेच तो पुन्हा म्हणाला. वकीलबाईंच्या हातात आता फारसे काही उरले नव्हते. तरी त्यांनी विचारले, "पळणारा माणूस बाहेरच्या दाराकडे बघतो. तू कुठे बघत होतास?"

तो बहिरा कान चोळू लागला.

"आत," तो म्हणाला.

"का?"

"म्हातारी बोलली. बोलत नाही ती! मी जायचो ना त्या घरात, मला माहीत आहे. दोन वर्षं तिच्या तोंडून शब्द नव्हता. आणि ती बोलली, कोण आलंय गं, असं." तो न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, ह्या कानाने मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पण तेवढं येतं. रोज येतं."

धाकटी पहिल्यांदाच रडली. थोरली उठून तिच्याजवळ गेली आणि तिचा हात घट्ट धरून उभी राहिली. शिपायाने तिला जागेवर बसायला सांगितले, पण ती बसली नाही.

निकालात न्यायाधीश म्हणाले, "पाठ दिसली म्हणजे माणूस परत निघाला, असं होत नाही. हातात हत्यार घेऊन तो अंथरुणाला खिळलेल्या बाईकडे वळला होता. धोका संपला नव्हता, वाढला होता. मात्र तो पडल्यावर तिसरा फटका बसला असता, तर मला वेगळा निकाल द्यावा लागला असता." धाकटी निर्दोष सुटली.

आई त्यानंतर कधीच बोलली नाही. ती गेली तीही न बोलता. पण शेवटपर्यंत दोघी बहिणी घरात पाऊल टाकताना मोठ्याने सांगत असत, "आई, मी आलेय गं."

कोर्टाने मला परत दिले. घराला आता लोखंडी दार आहे. मी कोपऱ्यात उभा असतो, माझ्यावर धूळ बसते. त्याचे मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, एवढेच सांगायचे आहे. आपले घर आणि आपली माणसे जरूर राखा. पण हात उचलावा लागला, तर तो किती वेळा उचलला ते लक्षात ठेवा. कधी थांबलात तेही लक्षात ठेवा, आणि कोणी विचारले तर खरे सांगा.

परवा एक लहान मुलगी आईबरोबर फ्रॉकचे माप द्यायला आली होती. माझ्याकडे बोट दाखवून तिने विचारले, "मावशी, हेच का ते?"

"हो. उचलून बघ हवं तर."

तिने दोन्ही हातांनी मला जेमतेम वीतभर उचलले आणि धापा टाकत खाली ठेवले. "बाप रे! केवढं जड आहे!"

धाकटी हातातल्या टेपकडे बघत राहिली.

"हो ना," ती म्हणाली. "आता मलाही उचलत नाही. त्या दिवशी त्याला वजनच नव्हतं."