निळी चकती

शिलाईच्या कारखान्यातली साठ मशिनं जिच्या जिवावर चालत, तिला सगळे मिस्त्रीण म्हणत. मालक आठवडाभर गावाला गेला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही; मिस्त्रीण एक दिवस आली नाही की निम्मा कारखाना माश्या मारत बसायचा. तिला हे ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं ती फारसं लपवतही नसे.

त्यामुळे शनिवारी दुपारी घरी आल्यावर सासऱ्यांचं मासे धरायचं रीळ सुटं होऊन ताटात पडलेलं दिसलं, तेव्हा तिने पर्स ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

"त्यात काय एवढं? चहा होईपर्यंत जोडते, बाबा."

खरं तर बाबांनाही मदतीची गरज पडायला नको होती. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. महिनाभर रीळ खरखर करत होतं, म्हणून सकाळी त्यांनी ते उघडलं, तेही आपल्या नेहमीच्या पद्धतीने. टेबलावर टॉवेल पसरायचा, निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे ओळीने मांडायचा, आणि जोडताना उजवीकडून उलटं यायचं. पण बाबा आंघोळीला गेले आणि सासूबाईंना काळाकुट्ट झालेला टॉवेल दिसला. चाळीस वर्षं त्या नवऱ्याच्या हातून टॉवेल वाचवत आल्या होत्या. त्यांनी सगळे भाग ताटात झटकले आणि टॉवेल साबणात भिजत घातला. ओळ गेली.

एरवी यावर नुसतं हसणं झालं असतं. पण गेल्या महिन्यात बाबा दोनदा किल्ली दारालाच विसरले होते, आणि एकदा बसमधून भलत्याच थांब्यावर उतरले होते. तळं बसने तासाभराच्या अंतरावर. दर रविवारी ते एकटेच जायचे, आणि आठवड्याचे बाकीचे सहा दिवस त्या रविवारवर काढायचे. मिस्त्रिणीच्या नवऱ्याने ताटाकडे पाहिलं आणि सकाळीच सांगून टाकलं होतं, "बाबा, हे आज जुळलं आणि आवाज न करता फिरलं, तर उद्या खुशाल जा. नाही तर यापुढे मी नेईन तेव्हाच. हात हिचे चालतील, तुमचे कापतात मला माहीत आहे. पण डोकं तुमचं पाहिजे."

त्याला वेळ कधी मिळतो, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"तुम्ही नुसते बसा हो," मिस्त्रीण म्हणाली. तिने रिळाचा नकाशा कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. प्रत्येक भागाला आकडा, एकूण एक्केचाळीस. तिने ताटातले भाग मोजले, तर बेचाळीस. जास्तीची निघाली एक पातळ पत्र्याची चकती, कडेला निळा रंग लागलेली. नकाशात तिचा मागमूस नव्हता. ताट सासूबाईंनी भरलेलं, म्हणजे हे त्यांच्याच बटणांतलं काहीतरी. तिने ती उचलून बटणांच्या डब्यात टाकली आणि कामाला लागली.

हात तिचे खरोखर सुरेख चालत. मोठं चक्र बसलं, त्यात छोटं चक्र अडकलं, वर फिरकी चढली, दोरी अडवणारी तारेची कमान खटकन जागेवर आली. बाबा शेजारी बसून बघत होते. मध्येच म्हणाले, "ती निळी कुठाय?"

"कोणती निळी?"

"निळी गं. ती... आपली..." त्यांनी हवेत बोटाने गोल काढला. शब्द काही सापडेना. "निळी."

दारात उभ्या असलेल्या नवऱ्याने मिस्त्रिणीकडे पाहिलं. बघ, असंच म्हणायचं होतं त्याला. तिने मान खाली घातली. नकाशात निळं काहीच नव्हतं, आणि बाबांची तिला फार दया आली. त्या दयेची तिला पुढे बरेच दिवस लाज वाटणार होती.

तिने हँडल फिरवलं. खर्र. खर्र.

पुन्हा उघडलं, पुन्हा जोडलं. खर्र. शिवाय हँडल डुगडुगायला लागलं, म्हणजे सकाळपेक्षा वाईट. तिसऱ्यांदाही तेच. चहा केव्हाच गार झाला होता. एवढ्या फुशारकीने बाह्या सरसावल्या आणि हात दाखवून अवलक्षण! एक्केचाळीसच्या एक्केचाळीस भाग जागेवर, मग घोडं पेंड खातंय कुठे?

डुगडुगणाऱ्या हँडलवर बोट ठेवून ती बसून राहिली. असं कुठलं मशीन डुगडुगतं? तिच्याच कारखान्यातलं. खिडकीजवळचं, सगळ्यांत जुनं. त्याची चक्रं झिजली, तेव्हा तिने स्वतः कॅलेंडरची पत्र्याची पट्टी कापून आत सरकवली होती. ती पट्टी कुठल्या नकाशात होती?

ती उठली आणि बटणांचा डबा टेबलावर पालथा केला. निळी चकती सापडली. कडेवर कानशीचे बारीक ओरखडे होते. कुणीतरी हाताने घासून तिला गोल केलं होतं.

"ही?"

बाबांनी ती उजेडात धरली, नखाने चाचपली. "झिजली," ते म्हणाले. "म्हणून खरखर." मग ते उठले, स्वयंपाकघरातून बिस्किटांच्या डब्याचं झाकण आणि पत्र्याची कात्री घेऊन आले.

"अहो, माझं झाकण!" सासूबाई ओरडल्या. जुन्या निळ्या डब्यामागोमाग त्याही डब्याला झाकणाशिवाय राहायची वेळ आली होती.

कात्री उचलताना बाबांचा हात थरथरत होता. पत्र्याला लागली आणि थरथर थांबली. त्यांनी गोल कापला, मधोमध भोक पाडलं, कानस फिरवली, जुनी चकती वर ठेवून बघितली, पुन्हा दोनदा कानस फिरवली. कुणाला काही विचारलं नाही. मोठ्या चक्राच्या मागे, नेमक्या जागी चकती त्यांनीच बसवली आणि उरलेलं काम तिच्याकडे सरकवलं.

या खेपेला हँडल तिच्या नवऱ्याने फिरवलं. आवाज नाही. त्याने कानाजवळ धरून फिरवलं.

"चूक माझी होती," मिस्त्रीण त्याला म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं, निळी कुठाय. मीच डब्यात टाकून बसले होते."

त्याने रीळ आणखी एकदा फिरवलं. मग बापाच्या हातात देत म्हणाला, "सकाळी सहाची बस पकडा. आणि जेवायला परत या."

सकाळी बाबा निघाले तेव्हा ती दारापर्यंत गेली. आदल्या दिवशी तिने नकाशावर पेनने बेचाळिसावा आकडा घालून चकती काढली होती. तोच कागद तिने त्यांना अभिमानाने दाखवला.

बाबांनी चष्मा वर केला, कागद पाहिला आणि परत दिला.

"त्रेचाळीस," ते म्हणाले. "दोरीच्या रोलरमागे अजून एक आहे. तो तू उघडलाच नाहीस." आणि खिशातली किल्ली वाजवून दाखवत ते जिना उतरले.