रिकाम्या खाचांची चमक

ताईंच्या हाताला त्या प्रयोगशाळेत तोड नव्हती. बावीस वर्षं त्या थेंब मोजत होत्या. एखाद्या आकड्यावरून वाद झालाच, तर कुणीतरी म्हणायचं, "ताईंनी मोजलाय ना? मग कशाला भांडता?"

प्रयोगशाळेची प्रमुख वयाने त्यांच्याहून बरीच लहान. शिकायला आली तेव्हा दोन वर्षं ताईंच्याच घरी राहिली, त्यांच्याच ताटातलं उचलून खाल्लं. चारचौघांत ताई तिला मॅडम म्हणत. दोघीच असल्या की पोरी.

काम डोळ्यांच्या आजाराचं होतं. आपल्या शरीरात रक्तवाहिन्या वाढवणारा एक घटक असतो. पेशीच्या अंगावरच्या दोन रिसेप्टरांना, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनांना, तो धरतो, जवळ ओढतो, आणि आत निरोप पोचतो : वाढ. एरवी ही देवाची कृपाच. पण डोळ्यात ही वाढ अवेळी झाली, की नव्या कच्च्या वाहिन्या पाझरतात आणि माणसाची नजर जाते. म्हणून मॅडमने रिसेप्टरची एक सुटी नक्कल बनवली होती. घटकाने तिलाच मिठी मारावी, पेशीपर्यंत पोचूच नये, असा बेत.

ही मिठी बसते का, ते ताईंनी पाहायचं होतं. प्लास्टिकच्या प्लेटमधल्या छोट्या खाचांच्या तळाशी नक्कल लावायची, वर चमक जोडलेला घटक सोडायचा, धुवायचं, आणि उरलेली चमक मोजायची. पण हा घटक मुळातच चिकट. म्हणून ताई एक ओळ नेहमी नकलेशिवाय, रिकामी ठेवत. त्या खाचा काळ्या राहायला हव्यात.

त्या चमकल्या. बाकीच्यांइतक्याच.

"पोरी, हा नुसता प्लास्टिकला चिकटतोय गं. तुझी नक्कल काहीच धरत नाहीये."

"पुन्हा करून बघू, ताई. तुझी नोंदींची वही राहू दे माझ्याकडे."

ते पुन्हा कधी झालंच नाही. आज नेत्र रुग्णालयाचे डॉक्टर आले होते. सोमवारपासून बारा रुग्णांच्या डोळ्यांत ही नक्कल टोचायची होती. पडद्यावर सुरेख चढता आलेख होता. डॉक्टरांनी विचारलं, "रिकाम्या खाचांचं काय?"

"काळ्या निघाल्या," मॅडम म्हणाली. "ताईंनी स्वतः पाहिल्यात."

"ताईंनी? मग प्रश्नच मिटला."

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. चहासाठी सगळे उठले, तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"माझ्या तोंडी खोटं घातलंस?"

"आठ वर्षं पाण्यात जातील, ताई. पुढच्या खेपेला मिठी बसेलच. आणि तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे, म्हणून तर तुझं नाव घेतलं." तिने लाडाने ताईंचा दंड दाबला. केसाने गळा कापणं म्हणतात ते इतकं मऊ असतं, हे ताईंना त्या वयात कळलं.

त्या सरळ डॉक्टरांपाशी गेल्या. ते चहात साखर ढवळत होते.

"डॉक्टरसाहेब, रिकाम्या खाचा चमकल्या होत्या. काळ्या नव्हत्या."

चमचा थांबला. मागून मॅडम हसली. "ताईंचं वय झालंय आता. गोंधळ होतो त्यांचा. आम्ही सांभाळून घेतो."

एवढं बोलून ती कपबशी उचलायला वळलीसुद्धा. ताईंना वाटलं, पहिलं खोटं भीतीपोटी असेल. हे मात्र हिने आधीच हाताशी ठेवलं होतं.

"होत असेल गोंधळ," त्या हळूच म्हणाल्या. "मग माझ्या आठवणीवर जाऊ नका. तळाशी नक्कल लावलेली एक प्लेट थंड कपाटात तयार आहे. शेवटची ओळ रिकामी आहे. तुमच्यासमोर करते. तीन तास लागतील."

डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाली, "अहो, तुमची गाडी आहे ना चारची?"

"जाऊ दे गाडी," म्हणत त्यांनी ताईंच्या टेबलाजवळ स्टूल ओढलं.

ताईंनी हातमोजे घातले. डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांनी थेंब मोजता येत नाही. त्या तशाच थांबल्या. नजर स्वच्छ झाल्यावर त्यांनी पहिला थेंब सोडला.