दोन खळगे

जरा मान वर करा. हो, इथेच, क्लबातल्या चहाच्या भांड्याच्या वर, भिंतीवर. मी पॅडलबोर्ड बोलतोय. माझ्यावर उभं राहायचं, हातात लांब वल्हं धरायचं आणि पाण्यावरून चालल्यासारखं जायचं. एवढंच माझं काम होतं. आता तेही नाही. आता माझ्याखाली पितळी पाटी आहे आणि तिच्यावर माझ्यापेक्षा नेव्हिल ट्रास्कचंच नाव मोठं आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आत फोम, वर काचतंतूचं कातडं, पाठीवर मऊ रबराचा थर. नेव्हिलनं, म्हणजे सगळ्यांच्या नेव्हनं, मला निवृत्तीच्या दिवशी विकत घेतलं आणि बॅरल बेच्या पाण्यात टाकलं. या खाडीला दोन्ही बाजूंनी उंच कडे आहेत आणि तोंडाशी सील प्राणी उन्हात पडलेले असतात तो मोठा खडक. त्याच्या पलीकडे नुसता समुद्र.

नेव्हनं क्लब काढला तसा नियमही काढला. पाण्यात बोर्डवर जो गुडघे टेकेल, त्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी लॅमिंग्टन आणायचे.

"उभं राहायची फळी आहे ही," तो म्हणायचा. "गुडघे टेकायचे तर चर्चमध्ये जा."

"तू तिथे तरी कुठे टेकतोस?" त्याची बायको ग्लेनिस विचारायची.

ग्लेनिस भीती वाटली की सरळ गुडघ्यांवर बसायची, आणि जवळजवळ दर रविवारी लॅमिंग्टनचा डबा आणायची. चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले ते केकचे चौकोन खात सगळे तिला हसायचे. पोटभर खाऊन हसायचे. माणसांचं हे मला कधी कळलं नाही.

एका रविवारी पाणी काचेसारखं होतं. जमिनीकडून वारा सुटला की किनाऱ्यालगत असंच दिसतं. कड्यांच्या आडोशाला लाट उठत नाही आणि माणसाला वाटतं, काय सुंदर दिवस आहे! नेव्ह आणि ग्लेनिस आपापल्या बोर्डवरून निघाले. क्लबातला कॉस्टास आणि बाकीचे किनाऱ्यावर चहा पीत बसले.

खाडीच्या मध्यावर वाऱ्यानं पाठीत हात घातला. उभा माणूस म्हणजे वाऱ्याला शीडच. ग्लेनिसनं लगेच गुडघे टेकले आणि बोर्ड वळवला. नेव्हनंही मला वळवलं. तो जोरात वल्हवत होता, तरी मी मागे मागेच सरकत होतो.

"नेव्ह, खाली बस!"

"कॉस्टास दुर्बीण घेऊन बसलाय तिकडे!"

"बसू दे. तुझ्या मयतालाही येईल आणि सँडविच खाऊन जाईल!"

तरी तो उभाच. सीलचा खडक आमच्या बाजूनं निघून गेला. किनारा दिसेनासा झाला. म्हणजे किनाऱ्यालाही आम्ही दिसेनासे झालो.

ग्लेनिस सहज परत जाऊ शकली असती. ती आमच्या मागे आली.

"ग्लेनिस," तो हळूच म्हणाला, "मला घरी जायचंय गं."

"मग टेक ना गुडघे, वेड्या. इथे मीच आहे फक्त."

त्यानं टेकले. म्हाताऱ्या हाडांचा कट्ट असा आवाज झाला. मग दोघं वाकून, कड्याच्या अगदी कडेकडेनं, एकमेकांना हाक देत वल्हवत राहिले. नेव्हचा सगळा भार त्या दोन गुडघ्यांवर होता. माझं कातडं तिथे दबलं ते दबलंच.

शेवटचं वळण आलं. पुढे किनारा दिसणार होता. ग्लेनिसनं माझी कड घट्ट धरली, हलू दिली नाही. नेव्हनं तिच्याकडे पाहिलं आणि तो उभा राहिला.

वाळूवर टाळ्या पडल्या. "शाबास, म्हाताऱ्या!" कॉस्टास ओरडला. "बायकोला आणलंस की वाचवून! आणि ग्लेनिसबाई, पुन्हा गुडघे? रविवारी जास्तीचे आणा हां!"

नेव्हनं तोंड उघडलं.

"आणते रे, आणते," ग्लेनिस म्हणाली.

पुढच्या रविवारचे लॅमिंग्टन वाकडेतिकडे होते. काहींना चॉकलेटच लागलं नव्हतं.

"काय हो ग्लेनिसबाई, हात बिघडला?"

"वय झालं," ती म्हणाली आणि दुसरा उचलला. त्या सकाळी नेव्हनं मला गाडीवरून उतरवलं, तेव्हा त्याच्या नखांत खोबरं होतं.

पुढे त्यानं तो नियम काढून टाकायचा प्रयत्न केला. "वारा फिरला तर गुडघे टेका रे," तो सांगायचा. सगळे हसायचे. "तू सांगतोयस? तू?" माणसाला एकदा शूर ठरवलं की त्याचं ऐकायची गरज उरत नाही, असं दिसतं.

शेवटी त्यांनी मला इथे टांगलं. पाटीवर लिहिलं, 'भर वाऱ्यात नेव्हिल ट्रास्क याच्यावर उभे राहिले.' नवीन माणसं आली की कॉस्टास माझ्या पाठीवरचे दोन खळगे दाखवतो. "बघा, किती घट्ट रोवले होते पाय!" खाली खुर्चीत नेव्ह चहात बघत बसतो. ग्लेनिस त्याच्या गुडघ्यावर हात ठेवते.

तुम्ही आज पहिल्यांदा पाण्यात निघालाय ना? जाण्याआधी स्टुलावर चढा आणि त्या खळग्यांत हात घालून बघा. ते गोल आहेत. पाय असे नसतात.

आणि लॅमिंग्टनची काळजी करू नका. नेव्हला आता ते बरे जमतात.