सरळ विचारायचं

बाबा फर्निचरला पॉलिश करतात, त्यामुळे आमच्या घरात वासावरून काही म्हणजे काही कळत नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात ना, त्याचा भपकारा बाबांच्या शर्टाला, केसांना, अगदी आमच्या उशांनासुद्धा! तरी ते व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले तेव्हा आई त्यांच्याभोवती हुंगत फिरायची. मग केंद्रातल्या ताईंनी आम्हा तिघांना समोरासमोर बसवलं.

"हुंगायचं नाही, खिसे चाचपायचे नाहीत, बाटल्या शोधून ओतायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "शंका आली की सरळ विचारायचं. त्यांनी सरळ सांगायचं. तोवर त्यांच्या गाडीवर बसायचं नाही. आणि मदतीचा फोन ज्याचा त्यानेच लावायचा."

"हॅ, सोप्पंय!" मी म्हणाले. मी शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची नवी कोरी कप्तान. माझी हाक मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाते. मला कसली भीती?

त्या दुपारी सामन्याआधी बूट घ्यायला घरी आले. आई कामावर होती. पुढच्या खोलीत, म्हणजे बाबांच्या कारखान्यात, कपाटाचं दार लाकडी घोडीवर आडवं ठेवलेलं होतं. अर्धं चकचकीत, अर्धं कोरडं. हात मध्येच थांबला तर सांध्याची रेघ उमटते, मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे दार पूर्ण होईपर्यंत बाबा शिंकसुद्धा दाबून धरतात!

बाबा स्टुलावर बसले होते. हातातला पॉलिशचा बोळा वाळून कडक झाला होता.

"आलीस? चल, सोडतो तुला स्कूटरवर," ते म्हणाले. जरा जास्तच गोड आवाजात.

ताईंसमोर किती सोपं वाटलं होतं! आता वाटलं, पळून जावं, आईला फोन करावा, नाहीतर गुपचूप स्कूटरवर बसावं आणि डोळे मिटून घ्यावेत.

"बाबा, तुम्ही प्यायलात का?"

कप्तानाचा आवाज कुठच्या कुठे गेला होता.

"वा!" ते ताडकन उठले. स्टूल कलंडलं. "आईचं नाक कमी होतं, आता तुझी उलटतपासणी! जरा कप्तान काय झालीस..."

मी भिंतीला टेकले. ते हात उगारत नाहीत, कधीच नाही. पण पूर्वी असं ओरडून झालं की ते निघून जायचे, आणि परत यायचे ते दुसरेच कोणीतरी. मला त्याचीच भीती होती.

"तपासत नाहीये बाबा. मला भीती वाटतेय. तुम्ही सांगेपर्यंत मी गाडीवर बसणार नाही."

त्यांनी स्टूल उचलून सरळ केलं आणि त्या अर्ध्या दाराकडे पाहिलं.

"अजून नाही," ते हळूच म्हणाले. "आणून ठेवलीय. फळीवर, स्पिरिटच्या कॅनमागे."

अजून नाही! तीन ढांगांत फळी गाठून बाटली मोरीत रिकामी करावी, असं हाताला नुसतं खाजत होतं. मी दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांत अडकवले.

"ड्रायव्हरकाकांना फोन करा ना." ते बस चालवतात. बाबांच्या आधी दारू सोडलेले, बाबांचे केंद्रातले सोबती.

बाबांनी फोन काढला. अंगठा दाबला, पुन्हा दाबला. बोटांवर लाखेचं कवच, फोनला स्पर्शच कळेना.

"लागत नाहीये. तूच लाव गं, माझी राणी."

मी हात पुढे केला. बाबा फोन देऊन खाली बसणार, हे मला त्यांच्या खांद्यांवरून दिसलं. मग काकांशी मी बोलणार, आईशी मी बोलणार, आणि बाबा नुसते बसून राहणार.

मी हात मागे घेतला. "हात धुवा. मी इथेच उभी आहे."

म्हटलं आणि मग लक्षात आलं. लाख स्पिरिटनेच निघते. स्पिरिट फळीवर. आणि त्याच्यामागे ती!

बाबा फळीकडे गेले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. काचेला काहीतरी लागल्याचा आवाज आला. झाकण फिरलं. मी दप्तराच्या पट्ट्या आणखी घट्ट धरल्या. त्यांचे खांदे हलत होते. चिंधी पिळताना हलतात तसे की रडताना, कळत नव्हतं.

मग फोनची कळ वाजली. आणि आणखी एक.

"ड्रायव्हर? मी बोलतोय," बाबांचा आवाज फाटला होता. "घेतली नाही. पण घरात आहे. ये रे लवकर, मला एकट्याला उचलून टाकवत नाहीये."

ते फोन कानाला तसाच धरून बाहेर पायरीवर येऊन बसले. मी बूट घेतले.

"जाऊ?"

"जा. उशीर होईल." मग मान वर करून म्हणाले, "संध्याकाळी पुन्हा विचार."

मी चालत निघाले. कोपऱ्यापर्यंत जाताना इतक्या वेळा मागे वळून पाहिलं की एका सायकलवाल्याने मला चांगलंच झापलं. बाबा पायरीवरच होते, आणि ड्रायव्हरकाका अजून कुठेच दिसत नव्हते.