तीस शर्टांची बटणं

सकाळपासून धाकटीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. ठरतील कसे? बचतगटाच्या कर्जातून घेतलेल्या शिलाई मशीनवरचं पहिलंवहिलं मोठं काम, फळं भरायच्या शेडसाठी तीस शर्ट, शिवून पलंगावर रचलेलं होतं. दहा वाजता शेडच्या मुकादमबाई माल बघायला येणार होत्या.

थोरल्या जाऊबाई तर तिच्याहून उतावळ्या. गटाचा नियमच तसा होता: एकीचं काम मार्गी लागलं की मगच दुसरीला कर्ज. पुढचा नंबर जाऊबाईंचा. त्यांना सायकलदुरुस्तीचं दुकान काढायचं होतं. कशात काही नसताना पाने-पकडी टांगायला बाहेरच्या भिंतीवर खिळेसुद्धा ठोकून झाले होते.

सासूबाई घड्या घालत होत्या. शेडने दिलेला नमुन्याचा शर्ट हातात आला तशा त्या थांबल्या.

"सूनबाई, ह्याची बटणं उजवीकडे. तुझी सगळी डावीकडे कशी गं?"

धाकटीने नमुना ओढून आपल्या शर्टाशेजारी धरला. जन्मभर तिने शिवले ते बायकांचेच कपडे. नमुना होता पुरुषी. मापं त्याची घेतली, पण बटणपट्टी सवयीच्या हातांनी बायकी बाजूला लावून टाकली. एक नाही, दोन नाही, तीसच्या तीस! काजंही कापून झालेली, आता उसवून तरी काय होणार?

"माझ्यापायी तुमचं दुकान गेलं, ताई," ती रडकुंडीला आली.

"अगं, जायला आधी यावं लागतं!" जाऊबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचाही चेहरा पडला होता. "गप्प बस. त्यांच्या लक्षात यायचं नाही."

पण मुकादमबाई दारात आल्या आणि धाकटीला राहवेना. "बाई, चूक झाली. बटणं बायकांच्या बाजूला लागलीत."

मुकादमबाईंनी एक शर्ट अंगातल्या कपड्यांवरूनच चढवला. बटणं लावली, काढली, पुन्हा लावली.

"शेडमध्ये आम्ही तीसही बायकाच," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं पुरुषांचे शर्ट घालतोय. रोज सकाळी हात भलत्याच बाजूला जातो आणि मी स्वतःवरच चिडते. हे तुला सुचलं कसं?"

"सुचलं नाही हो! चुकलंच!"

"मग पुढच्या साठ शर्टांतही अशीच चूक कर. चालेल?"

धाकटी आनंदाने किंचाळलीच. जाऊबाईंना मिठी मारायला वळली, तर त्या जागेवर नव्हत्या. बाहेरच्या भिंतीवर आणखी एक खिळा ठोकल्याचा आवाज येत होता.