चुकीच्या पोत्यातली पेंड

मित्रांनो, म्हसावदच्या एका मळ्यात विहिरीजवळ तडा गेलेली दगडी कुंडी पडली आहे. ती मी.

पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले आणि बावन्न साली मी कौसाबाईंच्या गोठ्यात आले. शेंगदाण्याचे तेल काढल्यावर उरणारी पेंड त्या रोज संध्याकाळी माझ्यात भिजत घालत. सकाळपर्यंत ती फुगून मऊ होई. म्हैस मला चाटूनपुसून लख्ख करी. "मन्ही म्हैसनं दूध या कुंडीमाच शे," असे कौसाबाई आल्यागेल्याला सांगत. मला फार अभिमान वाटे.

पुढे त्यांचा मुलगा दगा याने ऊस लावला. उसाला वाळवी लागू नये म्हणून त्याने एरंडीच्या पेंडीची पोती आणली. ही पेंड जमिनीला उत्तम खत, पण जनावराच्या पोटात विष. ती पोती त्याने गोठ्यातच, शेंगदाण्याच्या पेंडीला खेटून ठेवली.

एकदा कौसाबाई तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या संध्याकाळी दगानेच पेंड भिजवली. घाईत त्याचा हात चुकीच्या पोत्यात गेला. सकाळी त्याची बायको निर्मला म्हणाली, "आज पेंडना वास येगळा शे."

"तुले काय समजस?" म्हणत दगाने म्हैस माझ्याजवळ आणून बांधली.

म्हैस जुलाबांनी गळून गेली आणि तिसऱ्या दिवशी मेली.

कौसाबाई भिंत धरत गोठ्यात आल्या आणि निर्मलाला म्हणाल्या, "काय खावाडं वं तू तिले?"

"पेंड मी नही भिजाडी, आत्याबाई. यास्नी भिजाडी."

कौसाबाईंनी मुलाकडे पाहिले. दगा खाली मान घालून म्हणाला, "मी तं वावरमा व्हतू, माय."

आळ निर्मलावरच राहिला. थोड्याच दिवसांत दगाने गाडी जुंपली आणि तिला रनाळ्याला माहेरी सोडून आला. परत आणायला कोणी गेले नाही.

उरलेली एरंडीची पेंड उसाच्या बुडाशी पडली. ऊस असा माजला की लोक मुद्दाम बघायला येत. दगाने दुसरे लग्न केले. मला मात्र अपशकुनी ठरवून मळ्यात आणून ढकलले. तेव्हाच तडा गेला. आता माझ्यात पाणीही ठरत नाही.

मित्रांनो, खताची पेंड आणि जनावराची पेंड कधी एका जागी ठेवू नका. आणि तुमच्यासमोर कुणावर खोटा आळ आला, तर गप्प बसू नका. मी सारे पाहिले होते, पण दगडाला वाचा नसते.

दगाला होती.